बोललं की झालं

होस्टेल, यवतमाळ
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय नलू मावशीस,
सप्रेम जयभीम.

पत्र पाहून हसशील. पण आमचे फोन सोमवार ते शनिवार मेट्रनच्या लोखंडी कपाटात असतात, आणि रविवारी तुला फोन लावला तर तुझा डावा कान कामाचा नाही आणि उजव्याला तू मोबाइल लावत नाहीस. नुसतं "काय म्हणते? काय म्हणते?" चालतं. म्हणून कागद.

जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आता आमचं बाळंतपणाचं शिक्षण सुरू झालं. त्यासाठी कॉलेजने स्किल लॅब केली आहे. त्या खोलीला एसी आहे. आमच्या वर्गाला पंखेही धड नाहीत, पण बाहुलीला उकडत असावं. बाहुली म्हणजे कमरेपासून मांडीपर्यंतची अर्धी रबरी बाई. शिवाय पोटाला बांधायची एक पिशवी आहे. ती वर्षा मॅडम स्वतः बांधतात, टेबलवर झोपतात, बाईसारख्या कण्हतात आणि आतून हाताने बाळ बाहेर ढकलतात. आम्हाला हसू आवरत नाही. पिशवीत लाल पाणी भरायची सोय आहे, रक्त किती जातं ते कळावं म्हणून. पण फरशीला डाग पडतात आणि इन्स्पेक्शन कधीही येतं, म्हणून भरत नाहीत. "रक्त अंदाजे तीनशे मिली" असं बोलायचं.

बोलणं हेच मुख्य. आम्ही बावन्न मुली आणि बाहुली एक. मॅडमच्या हातात पायऱ्यांची यादी असते. आपण एकेक पायरी मोठ्याने बोलत जायची. हात धुतले. ग्लोव्हज घातले. बाळ आईच्या पोटावर ठेवलं. पोटात दुसरं बाळ नाही हे तपासलं. एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत दिलं. बोललं की मॅडम बरोबरची खूण करतात. नळाला पाणी नसलं तरी हात धुतले म्हणायचं. इंजेक्शनची काचेची अँपुल तर कोणी फोडतच नाही, ट्रेमध्ये दोनच आहेत, त्यांची अक्षरंही पुसली. मॅडम म्हणतात, बोललं की झालं धरा.

मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस मिळाले. बॅचमध्ये पहिली. दोन गेले, कारण बाईला तिचं नाव विचारायला विसरले. बाबांचं हे गावात, अर्ध्या फुलसावंगीला सांगून झालं. नलूताईनंतर घरातली दुसरी नर्स, असं म्हणतात.

आणि ऐक, वर्षा मॅडम तुला ओळखतात. म्हणाल्या, "मुनेश्वर सिस्टरच्या हाताखाली शिकले मी, तुझी सख्खी मावशी का?" त्या दिवसापासून वर्गात मला जरा भाव आहे.

तुझी
उर्वशी


पांढरकवडा
३० ऑगस्ट २०२४

चि. उर्वशीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

पहिले हे सांग, तू "मला" "तुला" कधीपासून लिहायला लागली? एसीच्या खोलीत गेली की मराठी बदलते काय? मी एकतीस वर्षं सरकारी रजिस्टर लिहिलं, पण माझं "मले" काही सुटलं नाही.

बाहुलीचं वाचलं. लय गुणाची आहे बापा तुमची बाहुली. शिव्या देत नाही, लाथ मारत नाही, टेबलावर हागत नाही. तिची सासू दारात उभी राहून "कधी होते, कधी होते" करत नाही. मी कोलामाच्या वस्तीत, पोडावर, पहिलं बाळंतपण केलं तवा त्या बाईनं माझा अंगठा चावला होता. नख अजून वाकडंच येते. त्याचे मले कोणी मार्क देल्ले नाही.

तू हुशार आहे हे मले मालूम आहे. पण हुशारी तोंडात असून चालत नाही, हातात यावं लागते. एक गोष्ट सांगते, ती तुमच्या यादीत नसन. बाळाचं डोस्कं दिसलं की अँपुल फोडायची, सुई भरायची आणि उजव्या हाताले ट्रेमध्ये ठेवून द्यायची. बाळ झाल्यावर फोडू म्हणशील तर दोन्ही हातात बाळ असते अन् तिसरा हात कोणाले नसते. हे मी तुले सांगून राह्यली, लिहून ठेवजो.

वर्षाचं म्हणशील तर मले काही आठवत नाही. ट्रेनिंग सेंटरवर तीन वर्षं होती मी, किती पोरी आल्या अन् गेल्या. असन एखादी.

अठ्ठेचाळीसचा पेढा राहिला. दसऱ्याले येशीन तवा आणजो.

तुझी मावशी
नलू


पोस्टिंगवरून
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय नलू मावशीस,
जयभीम.

आता तीन महिने ग्रामीण रुग्णालयात पोस्टिंग आहे. दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ जणी राहतो.

तुझं पत्र वाचून राग आला, खरं सांगते. तुम्ही जुन्या सिस्टर सगळ्या सारख्याच. तुम्ही ज्या चुका जिवंत बायांवर केल्या त्या आम्ही रबरावर करून घेतो, म्हणून तर लॅब आहे. तुझा अंगठा वाकडा झाला, पण त्या पहिल्या बाईचं काय झालं ते तू लिहिलं नाहीस.

लेबर रूममध्ये दोन टेबलं आणि एक सिस्टर. दिपाली सिस्टर. कंत्राटी आहे, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठी. तिचा हात इतका साफ आहे की नुसतं पाहत राहावं. पण पाहतच राहावं लागतं. आम्ही दहा-बारा बाळंतपणं भिंतीला पाठ लावून पाहिली. आमच्या वहीत मात्र वीस "स्वतः केली" अशी भरावी लागतात. सगळ्या भरतात. मी पण सात भरली. दिपाली सिस्टरला सही मागितली तर तिने वही वाचलीसुद्धा नाही, एका हाताने सही केली आणि दुसऱ्या हाताने सलाइनचा वेग कमी केला.

म्हणाली, पुढच्या आठवड्यात तुला टेबल देते. तू पायऱ्या मोठ्याने बोलत जा, मी दुसऱ्या टेबलावरून ऐकत जाईन आणि कागदावर लिहीन. मी म्हटलं, बोलण्याचं काही सांगूच नका, त्यात मी पहिली आहे.

पेढा आणीन.

उर्वशी


पांढरकवडा
१५ ऑक्टोबर २०२४

चि. उर्वशी,
जयभीम.

दसरा गेला, तू आली नाही. फुलसावंगीलेही गेली नाही. तुझी आई म्हणते फोनवर नुसती रडून राह्यली होती अन् "काही नाही, डोकं दुखते" म्हणे. डोकं दुखल्यानं पोट्टी तीन दिवस रडते काय?

त्या पहिल्या बाईचं तू इचारलं होतं. ती जगली. बाळ नाही जगलं. हे मी तुले लिहिलं नव्हतं, कारण ते मी कोणालेच सांगत नाही. आता तू सांग, काय झालं.

मावशी


पोस्टिंगवरून
२० ऑक्टोबर २०२४

प्रिय मावशीस,
जयभीम.

काळजी करू नकोस. मला काही झालं नाही.

इथे सात तारखेला एक केस बिघडली. रोशनी राठोड, वय बावीस, जवळच्या तांड्यावरची. पहिलटकरीण. माझ्याच टेबलावर होती. बाळंतपण एकदम नीट झालं. मुलगी झाली. मी बाळ दोन्ही हातांत धरून तिच्या पोटावर ठेवलं, पुसलं, लगेच इंजेक्शन दिलं, नाळ कापली, सगळं प्रोटोकॉलप्रमाणे. वार पण पूर्ण आली. मग रक्त सुरू झालं ते थांबेचना. दिपाली सिस्टर आली. तिने कागद पाहिला, इंजेक्शन दिलेलं आहे हे पाहिलं आणि म्हणाली, औषध देऊनही थांबत नाही म्हणजे आतून कुठे फाटलं असणार. आणि फाटलेलं शोधत बसली. वीस मिनिटं. फाटलेलं काही नव्हतंच. मग गाडी बोलावली, यवतमाळला पाठवलं. तिथे गर्भपिशवी काढावी लागली, तेव्हा ती वाचली.

आता चौकशी लागली आहे. रोशनीच्या सासूने, धनीबाईने, दिपाली सिस्टरच्या नावाने तक्रारीवर अंगठा दिला. मला काही होणार नाही. कागदावर वेळेसकट सगळं लिहिलेलं आहे. फक्त मन लागत नाही.

उर्वशी


पांढरकवडा
२७ ऑक्टोबर २०२४

चि. उर्वशी,
जयभीम.

पत्र वाचलं अन् पहिले तर मले त्या दिपालीचा असा राग आला. हात साफ आहे म्हणे. वीस मिनिटं फाटलेलं शोधते अन् पोटावर हात ठेवून पिशवी ढिली आहे का कडक ते पाहत नाही? मी तुले लिहिणारच होती की घाबरू नको, तू तुझं केलं, चौकशीत ठणकावून सांगजो. तुझ्या बापाले, भीमराजलेही मी फोनवर हेच सांगतलं की पोरीची चूक नाही. पाकीट बंदही केलं होतं.

मग भाकरी थापता थापता तुझं पत्र पुन्हा डोक्यात आलं अन् पाकीट फाडलं. आता एकच इचारते, अन् मावशी म्हणून नाही, नर्स म्हणून इचारते.

बाळ तुझ्या दोन्ही हातात होतं. लगेच इंजेक्शन दिलं म्हणते. अँपुल कोणी फोडली? सुई कोणत्या हातात होती? फोडताना काच बोटाले लागते, तो टक्क आवाज येते, पहिल्या वेळेस फोडणारी पोरगी ते कधी विसरत नाही. तू नाळ लिहिली, वार लिहिली, बाळ पुसलं ते लिहिलं. अँपुलचं एक अक्षर नाही.

सांग बाई.

नलू मावशी


पोस्टिंगवरून
६ नोव्हेंबर २०२४

मावशी,

मी दिलं नाही.

तुले खोटं लिहिलं होतं, पण त्या वेळेस मी खोटं बोलली नाही, हे कसं सांगू ते समजत नाही. दुपारचे अडीच वाजले होते. दोन्ही टेबलावर बाया. दिपाली सिस्टर पलीकडच्या बाईजवळ, तिचं बाळ उलटं होतं. मी पायऱ्या बोलत होती. हात धुतले बोलली, खरंच धुतले होते. रोशनीले नाव इचारलं, त्याचे दोन मार्क गेलते म्हणून ते पहिले इचारलं. बाळ आलं. गरम होतं, निसटत होतं, बाहुली कधी अशी निसटत नाही. पोटावर ठेवलं बोलली, ठेवलं. दुसरं बाळ नाही बोलली. ऑक्सिटोसिन दहा युनिट मांडीत दिलं बोलली. सिस्टरनं तिकडून "टाइम?" म्हटलं, मी घड्याळ पाहून "दोन चाळीस" म्हटलं. तिनं लिहिलं. मी पुढच्या पायरीवर गेली.

मावशी, मले वाटलं मी दिलं. लॅबमध्ये चाळीस वेळा अशीच ती पायरी झाली होती, तोंडानं म्हटली की डोक्यातून निघून जाते. रक्त यायले लागलं तरी मले वाटे दिलं आहे. सिस्टरनं येऊन रोशनीच्या अंगावरूनच इचारलं, "उर्वशी, दिलं होतंस ना तू?" मी हो म्हटलं. तिनं माझ्यावर भरोसा ठेवला अन् फाटलेलं शोधायले लागली. पोटावर हात ठेवला होता तिनं, मी तुले ते मुद्दाम लिहिलं नाही. पिशवी ढिलीच लागत होती. पण औषध गेल्यावर ढिली कशी राहीन, म्हणून तिनं आपल्या हातालेच खोटं मानलं.

गाडी गेल्यावर मी ट्रे धुवायले घेतला. अँपुल तिथंच होती, अख्खी. मी एप्रनच्या खिशात टाकली. त्यानंतर कोणाले दाखवली नाही.

वर्षा मॅडम चौकशीले आल्या होत्या. त्यांले मी सांगितलं. त्यांनी दार लोटलं अन् म्हणाल्या, "कागदावर दिलंय, वेळ आहे, सही आहे. तू आता यात काही घालू नकोस. तुझं वर्ष जाईल आणि कॉलेजची मान्यता जाईल." दिपाली सिस्टरचं कंत्राट डिसेंबरात संपते, पुन्हा मिळणार नाही असं सगळे बोलून राह्यले. ती माझ्यासोबत अजूनही डबा खाते. काल म्हणाली, "तू तरी वेळेवर दिलंस म्हणून ती गाडीपर्यंत जगली." मी डब्यातलं संपवलं, मावशी. तसंच खाल्लं.

काय करू ते तूच सांग. तू सांगशीन ते करीन.

उर्वशी


पांढरकवडा
१४ नोव्हेंबर २०२४

चि. उर्वशी,

तू इचारलं म्हणून सांगते. गप्प बस.

हे लिहून मी पेन ठेवला अन् अंगणात जाऊन आली. आता बाकीचंही लिहिते, नाही तर तू समजशीन मावशीनं तुझ्या मायेपोटी लिहिलं.

वर्षा मले चांगली आठवते. दोन हजार बाराची बॅच. पंचेचाळीस पोरी, दोन दिवसाचं ट्रेनिंग अन् एक बाहुली. मले वरून कागद यायचा की प्रत्येकीचं मूल्यमापन पूर्ण करून पाठवा. प्रत्येकीनं सगळं हातानं केलं असतं तर आठवडा लागला असता. पहिल्या दिवशी मी करून घेतलं, संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, आता करू नका, नुसत्या बोलून दाखवा, बोललं की झालं धरते. साडेतीन वाजता चौतीस पोरी संपल्या. साहेबांनी माझं कौतुक केलं. मंग तीन वर्षं मी तसंच केलं. दुसऱ्या तालुक्याच्या ट्रेनर यायच्या, त्यांलेही मीच शिकवलं.

वर्षानं तवा हात वर करून इचारलं होतं, "मॅडम, मग खरं कधी करायचं?" मी म्हटलं, "दवाखान्यात." सगळ्या हसल्या, मी पण हसली. ती पोरगी नाही हसली. म्हणून मले ती आठवते. आता तीच तेच शिकवते.

तुझ्या पहिल्याच पत्रात ते शब्द होते, मी वाचले, अन् तुले बाहुलीचे विनोद लिहून पाठवले. बोटभर अँपुलचा सल्ला देल्ला अन् मोकळी झाली. "हा नियम चुकीचा आहे, मी केला होता" एवढं लिहायले माझं पेन उचललं नाही.

आता तू बोललीस तर ते इचारतीन, कोठून शिकली. तू वर्षाचं नाव सांगशीन अन् वर्षा माझं. माझ्या भिंतीवर उत्कृष्ट सेवेचं सर्टिफिकेट आहे, येणारा जाणारा वाचते. एवढ्या वर्षांत माझ्याजवळ तेच आहे. म्हणून मी गप्प बस म्हणते. तुझ्यासाठी किती अन् माझ्यासाठी किती, ते मले वेगळं करता येत नाही.

नलू


फुलसावंगी
१९ जानेवारी २०२५

मावशी,
जयभीम.

तुझ्या पत्रानंतर तेरा दिवस गप्प बसली. कंत्राट संपायले आलं म्हणून दिपाली सिस्टर खोली रिकामी करून राह्यली होती, तिच्या गॅसची टाकी रिक्षात चढवायले मले हाक मारली. मी टाकी धरली, टाकी मधातच सोडली अन् तिले सांगितलं. तिनं ऐकलं. मारलं नाही, शिवी देल्ली नाही. "माझा हात सांगत होता," एवढंच म्हणाली अन् टाकी एकटीनं चढवली.

दुसऱ्या दिवशी मी लेखी जबाब देल्ला अन् अँपुल टेबलावर ठेवली. तुझं नाव लिहिलं नाही. वर्षा मॅडमचंही नाही. "लॅबमध्ये असं शिकलो" एवढंच लिहिलं. निकाल आला तो ऐक. रेकॉर्डवर इंजेक्शन दिल्याची नोंद असल्यामुळे विद्यार्थिनीचा जबाब विचारात घेता येत नाही. दिपाली सिस्टरनं पुढे पाठवायले उशीर केला, कंत्राट बंद. मी लेबर रूममधलं औषध बाहेर नेलं, म्हणून सहा महिने परीक्षेले बसायचं नाही. बाबा माझ्याशी बोलत नाही. गावात म्हणतात, पोरीनं इंजेक्शन चोरलं. लॅबच्या यादीत एक ओळ वाढवली आहे असं पोरी सांगतात: प्रत्येक पायरी स्पष्ट व मोठ्या आवाजात बोलावी.

मंगळवारी मी तांड्यावर गेलती. रोशनी उन्हात पोरीले तेल लावून राह्यली होती. मले पाहून खूश झाली. सासूले म्हणाली, "हेच ती बोलणारी मॅडम." मले म्हणे, "बाकीचे कोणी काही सांगे नाही. तू सगळं सांगे. दिलं म्हणाली ना तू, मंग मले भेव नाही वाटलं."

मी तिले सांगितलं की नव्हतं दिलं. माझ्या हातून राहिलं. तिनं थोडा इचार केला अन् म्हणाली, "मंग आता दे. राहिलं असन तर आता घेतलं तर चालते का? दुसऱ्या टायमाले काही तरास नको."

मावशी, तिले मालूम नाही. पिशवी काढली हे तिले कोणीच सांगितलं नाही. ऑपरेशनच्या कागदावर सही नवऱ्यानं केली होती. पोटावरच्या टाक्यांचं तिले "आतलं रक्त काढलं" असं सांगितलं आहे. तिच्या पाठीमागं धनीबाई दारात उभी होती, तिनं तोंडावर बोट ठेवलं.

मी म्हटलं, "आता नाही चालत." अन् निघाली. वेशीपर्यंत धनीबाई मागं आली. म्हणे, "तिचं दूध सुरू हाये. सांगितलं तर आटन, पोरगी मरन. तिले दोन वर्षानं आपोआपच समजीन." मी हो म्हणून मान हलवली.

खरं सांगायले गेलती मी. अन् तिथं पण अर्धंच सांगून आली.

उर्वशी


पांढरकवडा
११ फेब्रुवारी २०२५

चि. उर्वशी,
जयभीम.

मी तांड्यावर जाऊन आली. तुले इचारलं नाही, कारण तू नको म्हटलं असतं अन् मी लगेच ऐकलं असतं.

पहिले ऑफिसचं सांगते. मी जिल्ह्याच्या ऑफिसले पत्र देल्लं, की बोलून दाखवायची पद्धत नलू मुनेश्वर हिनं सुरू केली, तारीख, वर्ष, सगळं. पोच घेतली. बाबूनं वाचलं अन् म्हणाला, "आजी, तुम्ही रिटायर आहे, तुमच्यावर आता काही कारवाई होत नाही, घरी जा." वर्षालेही लिहिलं. तिचा जवाब आला नाही. तुझ्या बापाले मी फुलसावंगीले जाऊन समोर बसवून सांगितलं. तो ऐकून उठला अन् बैलाले पाणी दाखवायले गेला. पण संध्याकाळी तुझ्या ताटात त्यानं वाढलं असं तुझी आई म्हणते, तर ते तुले जास्त मालूम.

आता रोशनीचं.

धनीबाईनं मले दारातच अडवलं. दुधाचं तेच सांगितलं. मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षांत मी दूध आटलेल्याही पाहिल्या अन् पोटात मूल राहत नाही म्हणून पोराचं दुसरं लग्न केलेल्या सासवाही पाहिल्या. तुझं कोणतं भेव आहे ते तू पाह्य. ती बाजूले झाली.

रोशनी पोरीले पाजत होती. मी खाली बसली अन् सांगितलं. पिशवी काढली. पुन्हा पाळी येणार नाही, पुन्हा पोट राहणार नाही. ते इंजेक्शन न देल्यानं झालं, अन् असं तोंडानं देल्लं म्हणायले त्या पोट्टीले शिकवणारी जी होती, तिले शिकवणारी मी. सगळं एका दमात नाही सांगितलं. तिचा हात माझ्या हातात होता, तो तिनं काढून घेतला नाही.

ती रडली नाही. मले वाटलं समजलं नाही, म्हणून मी पुन्हा सांगायले लागली. ती म्हणाली, "समजलं." मंग म्हणाली, "मले सोडून कोणाकोणाले मालूम होतं?"

उर्वशी, मी खरं खरं सांगितलं. तुझी सासू. सासरा हिरासिंग. तुझा नवरा. यवतमाळचे डॉक्टर, त्यांच्या सिस्टर. दिपाली. वर्षा. चौकशीचे तिघं. उर्वशी. मी. ती एकेक बोट दुमडत होती, दोन्ही हाताची बोटं सरली अन् तिनं मुठी तशाच ठेवल्या.

"एवढ्या लोकाईले मालूम होतं," ती म्हणाली, "मंग आता मले कायले सांगता?"

मी तिथं बसून राह्यली. पोरगी सोडून सोडून पीत होती. रोशनीनं तिले दुसऱ्या बाजूले घेतलं, पदर ओढला अन् माझ्याकडं पाठ करून बसली.

तुझी मावशी
नलू